बिल एका संगणकावर बरोबर, दुसऱ्यावर चूक: दोष टॅलीचा की वर चढवलेल्या टीडीएलचा?

मार्केट यार्डातून फोन येतो तो सौदे आटोपल्यावर, पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशोबाची बिलं, काढायच्या घाईत. "साहेब, टॅली बिघडलंय." टॅली म्हणजे हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर. मी विचारतो, "टॅली बिघडलंय की पट्टी बिघडलीय?" पलीकडे क्षणभर शांतता. मग दिवाणजी म्हणतात, "दोन्ही एकच ना?"

दोन्ही एक नाही, आणि हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. अडत दुकानाच्या पट्टीवर पोती, वजन, बारदानाची कट, हमाली, तोलाई असे रकाने लागतात. मूळ टॅलीत ते या मांडणीत नसतात. कुणीतरी ते टीडीएलमध्ये, म्हणजे टॅली डेफिनेशन लँग्वेजमध्ये, लिहून वर चढवलेले असतात. टॅलीचे स्वतःचे पडदे, रिपोर्ट, बिलं हे सगळंही याच भाषेत लिहिलेलं आहे. बाहेरचा माणूस त्या मूळ फाइलला हात लावत नाही. तो आपला तुकडा वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि टॅली सुरू होताना तो मूळ मांडणीवर चढतो. गादीवर चादर घालावी तसं. चादर काढली की खालची गादी जशीच्या तशी सापडते. काही सॉफ्टवेअरमध्ये मूळ कोडच खरवडलेला असतो, तिथे हा शोध फार जड जातो. इथे तेवढं सुख आहे.

खालचं सगळं टॅलीप्राइम, म्हणजे टॅलीची सध्याची पिढी, धरून लिहिलं आहे. त्याआधीची ईआरपी ९ वापरणारे अजून भेटतात. त्यांच्याकडे मेन्यू वेगळे आहेत, पण विचार करायची रीत तीच.

लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी आधी टीडीएलवर संशय घ्या:

- तेच बिल काउंटरच्या संगणकावर एका तऱ्हेनं छापतं, आतल्या खोलीतल्या संगणकावर दुसऱ्या.
- नवं रिलीज, म्हणजे टॅलीची नवी आवृत्ती, टाकलं आणि बिलावरचा एखादा रकाना किंवा पडद्यावरचं बटण गायब झालं.
- "बॅड फॉर्म्युला" किंवा "नो पार्ट्स ऑर लाइन्स ऑर बटन्स" अशा धाटणीचा संदेश येतो.
- पडद्यावरची रक्कम बरोबर, छापलेल्या कागदावरची चूक.
- बाकी सगळं टॅली झपाट्यानं चालतं, एकच रिपोर्ट उघडायला चहा पिऊन येण्याइतका वेळ लागतो.
- डेटा सीएंकडे पाठवला तर त्यांना पोत्यांचा आकडा किंवा गाडी नंबर दिसतच नाही.
- गाडी नंबरच्या जागी पोत्यांचा आकडा येतो. हे लक्षण गंभीर आहे, त्यावर पुढे लिहिलं आहे.
- व्हाउचर, म्हणजे टॅलीतली नोंद, सेव्ह होत नाही आणि येणाऱ्या संदेशाच्या इंग्रजीत स्पेलिंगच्या चुका असतात. संदेशाच्या शेवटी कुणाचा मोबाइल नंबर असेल, तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही. मूळ टॅली असं काही लिहीत नाही.
- सगळं ३१ मार्चपर्यंत ठीक होतं आणि १ एप्रिलला बंद पडलं. काही जण टीडीएलमध्येच मुदत घालून ठेवतात.

उलट, एकच कंपनी उघडताना टॅली कोसळतं आणि त्याच संगणकावर बाकीच्या कंपन्या नीट चालतात, असं असेल तर पहिला संशय डेटावर. तो वेगळा आजार आहे.

हात लावण्याआधी

ऑल्ट-वाय दाबून बॅकअप घ्या, आणि तो त्याच संगणकावर न ठेवता पेनड्राइव्हवर घ्या. इथे बरेच जण फसतात: टॅलीच्या बॅकअपमध्ये फक्त कंपनीचा डेटा असतो, टीडीएलच्या फाइली नसतात. त्यामुळे टॅली डॉट आयएनआय ही टॅलीच्या सेटिंगची फाइल आणि टीडीएलच्या सगळ्या फाइली हातानं वेगळ्या कॉपी करा. फॉरमॅट मारल्यावर "डेटा आला पण पट्टी नाही आली" म्हणणारे मला दर वर्षी दोन-तीन तरी भेटतात. तोवर टीडीएल लिहिणाऱ्याचा नंबर बदललेला असतो.

आणि कृपा करून लगेच रिपेअर चालवू नका. ईआरपी ९ च्या काळात कंट्रोल-ऑल्ट-आर दाबून डेटा रीराइट करायची आपल्याकडे सवयच लागली होती. डोकं दुखलं तरी क्रोसिन, पोट दुखलं तरी क्रोसिन. रिपेअर डेटावर काम करतं, टीडीएलच्या चुकीला त्याचा काडीचाही उपयोग नाही. झाला तर अपायच.

१. विचारा

फुकटची तपासणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. त्रास नेमका कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय झालं: नवं रिलीज, नवा संगणक, नवा मुलगा? "काहीच केलं नाही" हे उत्तर ऐकून घ्या आणि एफ १ मधल्या अबाउटमध्ये जाऊन प्रत्येक संगणकावरचं रिलीज वाचा. टीडीएल ज्या रिलीजवर लिहिली त्यातल्या टॅलीच्या ठरावीक नावांना ती धरून असते. पुढच्या रिलीजमध्ये ते नाव किंवा ती मांडणी बदलली तर टीडीएलचा हात हवेत राहतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ईआरपी ९ नंतर टॅलीप्राइम आलं आणि पडदेच नवे झाले, तेव्हा आमचे दोन-तीन महिने फक्त जुन्या टीडीएल सांधण्यात गेले.

२. तेच बिल दुसरीकडे उघडा

तोच डेटा दुसऱ्या संगणकावर उघडून तेच बिल पाहा. मग त्याच संगणकावर दुसऱ्या कंपनीतलं बिल पाहा. दोष संगणकाबरोबर राहिला तर टीडीएल किंवा सेटिंग. दोष कंपनीबरोबर फिरला तर डेटा. याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचे दोन तास वाचतात. एक अपवाद लक्षात ठेवा: काही टीडीएल ठरावीक कंपनीच्या नावावर किंवा लायसन्सच्या सीरियल नंबरवर बांधलेल्या असतात. तेव्हा दोष कंपनीबरोबर फिरला म्हणून टीडीएल लगेच निर्दोष ठरत नाही.

३. सेटिंग पाहा, कोड नंतर

"आमचं बिल कस्टमाइज करून घेतलंय" असं सांगतात आणि उघडून पाहिलं तर कुणीतरी एफ १२ मध्ये दोन पर्याय बदललेले असतात, एवढंच. बिलाचं शीर्षक, खालचं डिक्लरेशन, व्हाउचर क्लासमधली गणितं, राउंड-ऑफच्या लेजरला (खात्याला) लावलेली पद्धत हे सगळं मूळ टॅलीत आहे, त्याला टीडीएल लागत नाही. व्हाउचर टाइप ऑल्टर करून पाहा. छापताना कॉन्फिगरमध्ये जाऊन दोन्ही संगणकांची यादी शेजारी शेजारी ठेवून वाचा. पैशावरून झालेल्या तक्रारीत मी आधी राउंड-ऑफचं लेजर उघडतो: पद्धत नॉर्मल आहे की अपवर्ड, मर्यादा १ आहे की आणखी काही. एका कापड दुकानात "टीडीएल बिलात रुपया जास्त लावतंय" म्हणून आठवडाभर भांडण चाललं होतं. ते लेजर अपवर्डवर होतं.

४. कंट्रोल-ऑल्ट-टी

आता खरी यादी. ही तीन बटणं एकदम दाबा, किंवा एफ १ मधून टीडीएल आणि अ‍ॅड-ऑनमध्ये जा. कुठल्या टीडीएल चढल्या आहेत, कुठली अ‍ॅक्टिव्ह आहे, कुणाला एरर आहे, हे इथे दिसतं. मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक संगणकावरचा. मालक म्हणतात एक टीडीएल आहे, यादीत निघतात चार. एक पट्टीची, एक चार वर्षांपूर्वी कुणी डेमोला टाकलेली, एक बारकोडची जो आता कुणी वापरत नाही, आणि एक जिचा बाप कोण ते कुणालाच माहीत नाही.

एरर दिसली म्हणजे दोषी सापडला असं समजू नका. एरर नसलेली टीडीएल निर्दोष असते असंही नाही. टॅलीला तिची भाषा समजली, एवढाच त्याचा अर्थ. तिचं गणित बरोबर आहे की नाही ते टॅली कशाला सांगेल?

यादीत लोकल आणि अकाउंटवरून आलेली हा भेदही बघा. लोकल म्हणजे त्या संगणकापुरती. लॅनवर पाच संगणक असले तर ती पाचही ठिकाणी वेगवेगळी लावावी लागते, आणि "एका संगणकावर बरोबर, दुसऱ्यावर चूक" या तक्रारीचं सगळ्यात साधं उत्तर इथेच असतं. चौथ्या संगणकावर कुणी लावलीच नव्हती, किंवा जुनी आवृत्ती राहिली होती. अकाउंटवरून दिलेली टीडीएल मात्र लायसन्सबरोबर सगळीकडे पोचते. ती लोकल यादीतून काढायला गेलात तर निघत नाही, आणि माणूस उगाच चिडतो.

५. चादर काढून पाहा

त्याच पडद्यावर एफ ४ दाबून लोकल टीडीएल सांभाळायच्या जागी जा. टॅली सुरू होताना टीडीएल लोड करायच्या का, याला नाही म्हणा. टॅली बंद करून पुन्हा उघडा. आता समोर आहे ते मूळ टॅली. अकाउंटवरून आलेली टीडीएल मात्र यात अजून चढलेली असू शकते, म्हणून यादी पुन्हा एकदा बघा.

या अवस्थेत एकही व्हाउचर सेव्ह करायचं नाही. नुसतं बघायचं. टीडीएल नसताना केलेल्या नोंदीत पोती, बारदान हे रकाने रिकामे जातात आणि महिन्यानं हिशोब जुळवताना ते सापडत नाहीत. मी हे काम जेवणाच्या सुट्टीत करतो आणि काउंटरच्या मुलाला सांगतो, कीबोर्डला हात लावलास तर चहा तुझ्या पैशानं.

त्रास गेला? मग टीडीएलच. चार असतील तर दोन चालू, दोन बंद असं करत निम्म्यानं शोधत जा. कधी कधी प्रत्येक टीडीएल एकटी ठीक चालते आणि दोन एकत्र आल्या की भांडतात. दोघींनी टॅलीची तीच एक ओळ बदललेली असते आणि नंतर चढणारी आधीच्या बदलावर पाणी फिरवते. यादीतला क्रम उलटा करून पाहा. क्रम बदलल्यावर दोष बदलला तर भांडण नक्की.

त्रास तसाच राहिला? मग टीडीएलला सोडा. डेटा, प्रिंटर, सेटिंग यांकडे परत वळा.

६. टॅली डॉट आयएनआय

टॅलीच्या फोल्डरमधली ही साधी फाइल नोटपॅडमध्ये उघडते. "यूजर टीडीएल" या ओळीपुढे येस आहे का, आणि "टीडीएल" या ओळींपुढे फाइलचा पत्ता कुठला आहे, ते वाचा. ओळीच्या सुरुवातीला दोन अर्धविराम, म्हणजे ;; असेल, तर ती ओळ बंद आहे.

हे बघायचं ते पत्त्यासाठी. टीडीएल सर्व्हरच्या शेअर केलेल्या ड्राइव्हवर असते, कुणी ड्राइव्हचं अक्षर बदलतं, आणि सगळे संगणक एकदम आंधळे होतात. किंवा एकाच संगणकावर टॅलीचे दोन फोल्डर असतात, डेस्कटॉपवरचं चिन्ह जुन्या फोल्डरचं असतं, आणि आपण नव्या फोल्डरमधली आयएनआय दुरुस्त करत बसतो. मी स्वतः असा एक अख्खा तास घालवला आहे. तेव्हापासून आधी चिन्हावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये पत्ता वाचतो.

७. कोरं टॅली शेजारी उभं करा

इथून पुढे वेळ लागतो. वेगळ्या फोल्डरमध्ये त्याच रिलीजचं टॅली टाका, टीडीएल एकही नको, आणि बॅकअपमधून डेटाची प्रत तिथे रिस्टोर करा. रिलीज तेच हवं, आणि डेटा प्रतच हवा. नव्या रिलीजमध्ये चालू डेटा उघडून तो एकदा नव्या साच्यात गेला की जुन्या रिलीजमध्ये परत उघडत नाही. कोरं टॅली विनालायसन्स संगणकावर असेल तर ते एज्युकेशन मोडमध्ये चालतं आणि नव्या नोंदीला १, २ आणि ३१ याच तारखा घेतं. आपल्याला नोंद करायचीच नाही, त्यामुळे हरकत नाही.

आता दोन्हीकडून तेच बिल पीडीएफ करा. मग ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, दोन्हीकडचं. बिल वेगळं आणि ट्रायल बॅलन्स सारखं असेल तर टीडीएल फक्त कागद सजवते आहे. धोका कमी. ट्रायल बॅलन्सच वेगळं आलं तर थांबा आणि खाली "इथे थांबा" वाचा.

या तुलनेतून सापडलेलं एक उदाहरण. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक सिंचनाच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. एका ठिबक दुकानदारानं स्टॉक आयटममध्ये दर बदलला, बिलाची एकूण रक्कमही ५ टक्क्यांनीच आली, पण तळाच्या कराच्या तक्त्यात १२ टक्के छापत राहिलं. गिऱ्हाईक म्हणे, "कागदावर १२ आणि घेतले ५, नक्की काय?" कोऱ्या टॅलीत तक्ता बरोबर होता. म्हणजे टॅलीला नवा दर कळला होता. तळाचा तक्ता टीडीएलचा होता आणि लिहिणाऱ्यानं दर टॅलीकडून मागून घेण्याऐवजी १२ हा आकडाच कोडमध्ये ठोकला होता.

८. डेटा आहे की गेला?

टीडीएल काढली आणि पोत्यांचे आकडे दिसेनासे झाले की मालकाच्या काळजाचा ठोका चुकतो. घाबरू नका. असे जादा रकाने यूडीएफ, म्हणजे यूजर डिफाइन्ड फील्ड, म्हणून व्हाउचरबरोबरच साठतात. टीडीएल ही ते दाखवणारी खिडकी असते. खात्री करायची असेल तर कोऱ्या टॅलीतून एका दिवसाचं डे बुक एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करा, नोटपॅडमध्ये उघडा आणि यूडीएफ शोधा. रकान्याचं नाव गेलेलं दिसेल, त्या जागी यूडीएफ आणि एक लांबलचक नंबर असेल. पण आत तुमचे ४२ पोती तसेच बसलेले असतील. सीएंना ते का दिसत नाहीत, याचंही उत्तर हेच: खिडकी तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही.

गाडी नंबरच्या जागी पोती दिसत असतील तर दोन टीडीएलनी यूडीएफसाठी एकच नंबर वापरला आहे. एकीनं ठेवलेलं दुसरी आपलं म्हणून वाचते, आणि त्यावर लिहितेही. हे घरी दुरुस्त करायचं काम नाही.

९. कोड हाती असेल तर हॅश (#) मोजा

टीडीएलची फाइल टीएक्सटी किंवा टीडीएल असेल तर ती नोटपॅडमध्ये वाचता येते. भाषा येत नसली तरी चालेल, फक्त चौकोनी कंस उघडल्यावर पहिलं चिन्ह कुठलं आहे ते बघा.

कंसात थेट नाव सुरू झालं, तर तो लेखकाचा स्वतःचा नवा तुकडा आहे, सहसा निरुपद्रवी. कंसानंतर लगेच # असेल, तर त्यानं टॅलीची किंवा दुसऱ्या कुणाची आधीची व्याख्या बदलली आहे. ! असेल तर एखादी अट लागू झाली तरच चढणारा बदल. आणि * असेल, तर आधीची व्याख्या पुसून तिच्या जागी आपली बसवली आहे. मूळ आणि बदललेलं यांची सीमारेषा हीच. नोटपॅडच्या शोधात आधी [* टाका, मग [#, आणि जे जे सापडेल ते वहीत उतरवा. रिलीज बदलल्यावर काय फुटू शकतं याची ती यादी झाली. * वाल्या ओळी सगळ्यात नाजूक, कारण टॅलीनं त्या जागी पुढे काहीही सुधारलं तरी तुमच्यापर्यंत ते पोचतच नाही. ठिबकवाल्याच्या फाइलमध्ये अशा दोन ओळी होत्या. १२ चा आकडा त्यातल्याच एकीखाली सापडला.

इथे थांबा

फाइल टीसीपी असेल तर ती कंपाइल केलेली आहे, नोटपॅडमध्ये नुसता कचरा दिसेल. ती उघडून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. जिनं किंवा ज्यानं ती लिहिली त्यांनाच बोलवा. तो माणूस सापडत नसेल तर नवी लिहून घ्या, आणि या वेळी पैसे देतानाच वाचता येणारी मूळ फाइल मागून घ्या.

ट्रायल बॅलन्स दोन्हीकडे जुळत नसेल, किंवा यूडीएफ एकमेकांत मिसळले असतील, तर त्या क्षणी नवी नोंद थांबवा आणि टीडीएलचं काम जाणणाऱ्याला बोलवा. डेटावर आणखी चार दिवस काम झालं की दुरुस्तीचा खर्च दुप्पट होतो.

ई-इनव्हॉइसला जाणाऱ्या माहितीला टीडीएलनं हात लावला असेल तर प्रयोग करूच नका. एकदा आयआरएन, म्हणजे पोर्टलनं बिलाला दिलेला नंबर, निघाला की तो पोर्टलवर रद्द करायला फक्त २४ तास मिळतात आणि तोच बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्या वेळी तंत्रज्ञाबरोबर सीएंनाही फोन लावा.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर एक जादा सावधगिरी. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नोंदीतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं, आणि ती बंद न करता येणारं, सॉफ्टवेअर वापरावं लागतं. तिथे चाचणीसाठी चालू डेटात चार खोट्या नोंदी करून पुसल्या तरी त्यांचा माग राहतो. ऑडिटर विचारतील.

आणि जिचा बाप कोण ते कुणालाच माहीत नाही ती टीडीएल? टीडीएल बाहेरच्या पत्त्यावर माहिती पाठवूही शकते. ती आजच बंद करा, फाइल जपून ठेवा, आणि कुणी आठ दिवसांत "माझं काहीतरी बंद पडलं" म्हणून ओरडतं का ते बघा.

तज्ज्ञाला फोन करताना हातात एवढं ठेवा: रिलीज नंबर, कंट्रोल-ऑल्ट-टीच्या यादीचे सगळ्या संगणकांवरचे फोटो, आयएनआयची प्रत, आणि कोऱ्या टॅलीतलं व तुमच्या टॅलीतलं तेच बिल, दोन पीडीएफ. "टॅली बिघडलंय" एवढंच सांगितलंत तर मी येईन, पण पहिल्या तासाचे पैसे हेच सगळं गोळा करण्याचे लागतील.